कोशकार आणि विद्यार्थी

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाच्या वहींत बहुधा दोन रकाने असतात. डाव्या रकान्यांत इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यांत त्याचा मराठी अर्थ. ही वही तो नित्य घोकतो. शंभराचे दोनशें आणि दोनशेंचे पांचशें शब्द होतात. आणि मग स्वतःचें एखादें वाक्य लिहावयाची वेळ आली म्हणजे तो अडतो. 'कडक' हा साधा शब्द घ्या. चहा कडक असतो, शिस्त कडक असते, ऊन कडक असतें आणि धोब्याकडून आलेली सदऱ्याची कॉलरहि कडक असते. वहींत 'कडक म्हणजे हार्ड' एवढेंच लिहिलेलें असलें, तर मुलगा 'हार्ड टी' असें बेधडक लिहून टाकतो. इंग्रज मात्र चहाला 'स्ट्राँग' म्हणतो, शिस्तीला 'स्ट्रिक्ट' म्हणतो आणि कॉलरला 'स्टिफ' म्हणतो. मुलाचें पाठांतर खोटें नव्हतें. शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक होता. शब्दाची सोबत मात्र त्याला कोणी दाखविली नव्हती.

एखादा शब्द येतो म्हणजे नेमकें काय येतें, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. त्याच्या उत्तराला तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी पर्यायशब्दाची, दुसरी व्याख्येची आणि तिसरी वाक्याची. पर्यायानें शब्दाची तोंडओळख होते, व्याख्येनें त्याच्या अर्थाच्या सीमा कळतात, आणि वाक्यानें तो वापरावा कसा हें समजतें. इंग्रजी कोशांना या तीन पायऱ्या चढण्यास सुमारें साडेतीन शतकें लागलीं. या चढणीचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट विशेष लक्षांत येते. ज्यांनीं हा मार्ग बांधला, त्यांतील पुष्कळ जण आयुष्यांत केव्हांना केव्हां शाळामास्तर होते.

इ. स. १६०४ मध्यें इंग्लंडांत 'ए टेबल आल्फाबेटिकल' नांवाचें एक छोटेसें पुस्तक प्रसिद्ध झालें. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजींतच वर्णानुक्रमानें सांगणारा स्वतंत्र असा हा पहिला कोश मानला जातो. त्याचा कर्ता रॉबर्ट कॉड्री यानें रटलंड परगण्यांतील ओकहॅम या गांवीं शिक्षकाचें काम केलें होतें, आणि त्याचा मुलगा टॉमस हाहि शिक्षकच होता. त्या काळीं लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंच भाषांतून शेंकडों नवे शब्द इंग्रजींत शिरत होते. विद्वानांना ते कळत. पण ज्यांना लॅटिन शिकण्याची संधी मिळाली नव्हती, अशा स्त्रिया आणि सामान्य वाचक धर्मग्रंथ वाचतांना किंवा प्रवचन ऐकतांना गोंधळून जात. त्यांच्यासाठीं कॉड्रीनें सुमारें अडीच हजार कठिण शब्द निवडले आणि प्रत्येकापुढें एक-दोन सोपे पर्याय दिले. आपल्याकडे अमरकोश पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला एका वस्तूचीं दहा नांवें येतात, पण त्या दहांपैकीं कोणतें कोठें शोभेल हें निराळेंच शिकावें लागतें. कॉड्रीच्या वाचकाची अवस्था तशीच होती. पहिली पायरी बांधली गेली, इतकेंच.

कॉड्रीनंतर शंभर वर्षेंपर्यंत कोशकारांचा ओढा कठिण शब्दांकडेच राहिला. सोपे शब्द सर्वांना येतातच, ते कोशांत कशाला, असें त्यांना वाटे. ही समजूत मोडणाऱ्यांत १७२१ सालीं कोश काढणारा नॅथन बेली होता. हाहि मास्तरच; लंडनजवळच्या स्टेपनी येथें त्याची शाळा होती. त्याच्या कोशांत सुमारें चाळीस हजार शब्द होते, आणि त्यांत रोजच्या बोलण्यांतील साधे शब्दहि आले. पण साध्या शब्दाची व्याख्या करणें किती अवघड असतें, हेंहि तेव्हांच दिसून आलें. घोडा म्हणजे काय, तर 'सर्वांस परिचित असा पशु', अशा धर्तीचे अर्थ त्या काळच्या कोशांतून आढळतात. ज्याला घोडा परिचित आहे त्याला या व्याख्येची गरज नाहीं, आणि ज्याला तो परिचित नाहीं त्याला तिचा उपयोग नाहीं.

दुसरी पायरी खऱ्या अर्थानें बांधली ती सॅम्युअल जॉन्सननें. १७०९ सालीं लिचफील्ड येथें एका पुस्तकविक्या बापाच्या पोटीं जन्मलेल्या या माणसानेंहि तरुणपणीं एडिअल या खेड्यांत शाळा काढली होती. विद्यार्थी अगदीं थोडे मिळाले. त्यांत पुढें प्रसिद्धीस आलेला नट डेव्हिड गॅरिक होता. शाळा चालली नाहीं, म्हणून १७३७ सालीं गुरु आणि शिष्य दोघेहि नशीब काढण्यासाठीं लंडनला निघाले. तेथें वर्तमानपत्री लेखनावर जॉन्सन कसाबसा पोट भरीत असतां, १७४६ सालच्या जून महिन्यांत कांहीं पुस्तकविक्यांनीं मिळून त्याच्याशीं कोशाचा करार केला. मोबदला ठरला पंधराशें गिनी. मुदत तीन वर्षांची धरली होती. लागलीं जवळ जवळ नऊ.

गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर त्याचें काम चाले. हाताखालीं सहा लेखनिक होते, त्यांतील पांच स्कॉटलंडचे. जॉन्सनची पद्धत अशी होती कीं, तो थोर इंग्रजी ग्रंथकारांचे ग्रंथ वाचीत जाई. ज्या वाक्यांत एखादा शब्द नीट वापरलेला दिसे त्या शब्दाखालीं पेन्सिलीनें रेघ ओढी आणि समासांत त्याचें पहिलें अक्षर लिहून ठेवी. लेखनिक तीं वाक्यें उतरून काढीत आणि अक्षरवार लावीत. मग एकेका शब्दाचीं अवतरणें पुढ्यांत घेऊन जॉन्सन त्यांतून अर्थाच्या छटा वेगळ्या करी आणि त्यांच्या व्याख्या लिही. 'टेक' या एका क्रियापदाचे त्यानें १३४ अर्थ दिले. ज्या शब्दाकडे पूर्वीच्या कोशकारांनीं सोपा म्हणून दुर्लक्ष केलें होतें, तोच शब्द सर्वांत गुंतागुंतीचा निघाला.

१७५५ सालच्या एप्रिल महिन्याच्या १५ तारखेस हा कोश दोन प्रचंड खंडांत बाहेर पडला. त्यांत ४२,७७३ शब्द आणि सुमारें एक लाख चौदा हजार अवतरणें होतीं. फ्रान्समध्यें असेंच काम चाळीस पंडितांच्या सभेला पन्नासाहून अधिक वर्षें पुरलें होतें. तें एका माणसानें नऊ वर्षांत केलें याचा त्याच्या देशबांधवांस मोठा अभिमान वाटला. पण त्या अभिमानानें त्याचें घर चालेना. काम चालू असतांनाच, १७५२ सालीं, त्याची पत्नी वारली होती. कराराची रक्कम लेखनिकांच्या पगारांत आणि घरखर्चांत संपून गेली होती. कोश प्रसिद्ध होऊन एक वर्षहि झालें नाहीं तोंच, पांच पाउंड अठरा शिलिंग एवढ्या कर्जापायीं या कोशकारास अटक झाली, आणि सॅम्युअल रिचर्डसन या कादंबरीकारानें पैसे पाठविले तेव्हां त्याची सुटका झाली.

जॉन्सनच्या कोशांत दोन उणिवा होत्या, आणि त्या शिकणाऱ्याच्या दृष्टीनें महत्त्वाच्या होत्या. एक म्हणजे त्याच्या कांहीं व्याख्या मूळ शब्दापेक्षांहि कठिण होत्या. जाळें या अर्थाच्या 'नेटवर्क' शब्दाची त्यानें केलेली व्याख्या समजण्यास दुसरा कोश उघडावा लागे, आणि ती इंग्लंडांत पुढें थट्टेचा विषय होऊन बसली. दुसरी उणीव म्हणजे त्याचीं वाक्यें शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन यांच्या तोंडचीं होतीं. तीं वाचावयास सुंदर, पण बाजारांत, कचेरींत किंवा पत्रांत वापरतां येतील अशीं नव्हेत. शिवाय कोशाची किंमत साडेचार पाउंड. ती सामान्य घराच्या आवांक्याबाहेरची होती. म्हणून १७५६ सालीं दहा शिलिंगांची लहान आवृत्ति काढण्यांत आली, आणि तीच वर्षानुवर्षें घरोघरीं खपली. पण जागा वाचविण्यासाठीं तींतून अवतरणें गाळलेलीं होतीं. ग्रंथकारांचीं नांवें तेवढीं ठेविलीं होतीं. श्रीमंताच्या कोशांत वाक्य राहिलें आणि गरिबाच्या कोशांतून तें गेलें. ज्याला वाक्याची सर्वांत अधिक गरज, त्यालाच तें मिळेनासें झालें; आणि लहान कोशांची ही रीत पुढें दीर्घ काळ चालली.

याच लहान कोशांच्या जमान्यांत इंग्रजी भाषा महाराष्ट्रांत आली. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि राज्यकर्त्यांना मराठी व प्रजेला इंग्रजी शिकण्याची निकड उत्पन्न झाली. जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्यानें, जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या आणि मराठी पंडितांच्या साहाय्यानें, मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. तो १८३१ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ सालीं निघाली. हा कोश आजहि अभ्यासक उघडतात, याचें एक कारण असें कीं, त्यांत शब्दाच्या नुसत्या अर्थावर भागविलेलें नाहीं. वाक्प्रचार आणि म्हणी यांनाहि जागा दिलेली आहे. मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला 'खाणें' म्हणजे काय हें एका शब्दांत सांगून कसें चालेल? मराठी मनुष्य भाकरी खातो, हवा खातो, मार खातो, लांच खातो आणि पाण्यांत गटांगळ्याहि खातो. उलट दिशेनें, इंग्रजी-मराठी कोशाचें जें काम मोल्सवर्थनें आरंभिलें होतें, तें टॉमस कँडीनें तडीस नेलें आणि तो कोश १८४७ सालीं बाहेर आला. कँडीचें आयुष्यहि पुण्यांतील शिक्षणसंस्था आणि शाळांचीं पाठ्यपुस्तकें यांतच गेलें. पुढें महाराष्ट्रांतील अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालेचें बळ तिच्या वाक्यांत होतें. मुलाला शब्द मिळे तो लगेच वाक्यांत घालावा लागे, आणि म्हणूनच तो त्याच्या अंगवळणीं पडे.

इकडे इंग्लंडांत त्याच सुमारास एक नवा विचार मूळ धरीत होता. १८५७ सालीं रिचर्ड ट्रेंच या धर्मोपदेशकानें लंडनच्या भाषाशास्त्रमंडळापुढें दोन व्याख्यानें देऊन प्रचलित कोशांचे दोष दाखविले. कोशकार हा भाषेचा न्यायाधीश नसून इतिहासकार आहे. त्यानें शब्दांची निवड न करतां प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा वृत्तांत द्यावा, आणि तो वृत्तांत तारीखवार अवतरणांनीं सिद्ध करावा, असें त्याचें म्हणणें होतें. दुसऱ्याच वर्षीं नव्या कोशाचा संकल्प झाला. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज तिशींतच वारला. पुढें वीस वर्षें काम रेंगाळलें, आणि १८७९ सालीं तें जेम्स मरे या शाळामास्तराच्या हातीं आलें.

मरे हा स्कॉटलंडांतील एका शिंप्याचा मुलगा. चौदाव्या वर्षीं त्याची शाळा सुटली होती. पुढचें सर्व शिक्षण त्यानें स्वतःच्या हिमतीवर घेतलें. कोशाचा करार झाला तेव्हां तो लंडनजवळील मिल हिल येथील शाळेंत शिकवीत होता. शाळेच्या आवारांतच त्यानें एक लोखंडी पत्र्याची खोली उभारली आणि तींत चिठ्ठ्यांसाठीं खण करविले. त्याच्याकडे जुन्या चिठ्ठ्या आल्या त्या सुमारें दोन टन वजनाच्या. एका पोत्यांत मेलेला उंदीर निघाला, तर दुसऱ्यांत उंदरीण आपल्या पिलांसह संसार थाटून बसली होती. मरेनें इंग्रजी वाचणाऱ्या सर्व जगाला आवाहन केलें कीं, वाचतां वाचतां जीं वाक्यें उपयुक्त वाटतील तीं कागदाच्या ठराविक आकाराच्या चिठ्ठीवर उतरून पाठवावीं. शेंकडों स्वयंसेवकांनीं हें काम विनामूल्य केलें. फिट्झएडवर्ड हॉल हा त्यांतलाच एक. बनारस येथील सरकारी संस्कृत महाविद्यालयांत त्यानें पूर्वीं अध्यापन केलें होतें, आणि १९०१ सालीं मरेपर्यंत तो या कोशासाठीं खपत राहिला. मरेला अकरा मुलें होतीं. चिठ्ठ्या अक्षरवार लावण्याचें काम तीं करीत आणि त्यावर खाऊचे पैसे मिळवीत. पुढें १८८५ सालीं मरे ऑक्सफर्डला राहावयास गेला तेव्हां त्याचा पत्रव्यवहार इतका वाढला होता कीं, टपालखात्यानें त्याच्या दारासमोरच एक टपालपेटी बसवून दिली.

मरेलाहि एक जुनाच अनुभव आला. स्वयंसेवक विचित्र आणि दुर्मिळ शब्द उत्साहानें टिपीत. साधे शब्द मात्र त्यांच्या नजरेंतून निसटत. 'अब्यूजन' या मागें पडलेल्या शब्दाचीं सुमारें पन्नास उदाहरणें त्याच्याकडे जमलीं होतीं, आणि 'अब्यूज' या नित्याच्या शब्दाचीं पांचहि नव्हतीं. तीं त्याला स्वतः शोधावीं लागलीं. दहा वर्षांत चार खंड पुरे होतील असा अंदाज होता. पांच वर्षांनीं, १८८४ सालीं, पहिला भाग निघाला तो 'अँट' या शब्दापर्यंतच पोहोंचला होता. १९१५ सालीं मरे वारला तेव्हां काम 'टी' या अक्षरावर होतें. सहकाऱ्यांनीं तें पुढें चालविलें आणि १९२८ सालच्या एप्रिलांत कोश पुरा झाला. त्यांत ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणें आहेत. वाक्याधारें अर्थ सांगण्याची जॉन्सनची पद्धत येथें शास्त्राच्या कोटीस पोहोंचली.

तथापि हा कोश ज्याला भाषा येते त्याच्यासाठीं होता. शब्द पूर्वीं कसा वापरला गेला हें तो सांगे. परक्या विद्यार्थ्यानें आज तो कसा वापरावा, हा त्याचा प्रश्नच नव्हता. ऑक्सफर्डच्याच छापखान्यानें १९११ सालीं काढलेल्या संक्षिप्त कोशांत हेन्री फाउलर व त्याचा भाऊ फ्रँक यांनीं नेहमींच्या शब्दांना मोकळी जागा आणि छोटे छोटे प्रयोग देऊन एक पाऊल पुढें टाकलें. हेन्री फाउलर सतरा वर्षें शाळेंत शिकवीत होता, हें येथें सांगितलेंच पाहिजे. पण त्याचाहि वाचक इंग्रजच होता. परक्या विद्यार्थ्याच्या बाजूनें कोशाकडे पाहणारीं माणसें निघालीं तीं इंग्लंडांत नव्हे, तर आशियांत. एक ढाक्यास आणि दुसरीं जपानांत.

मायकेल वेस्ट हा हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यांत नोकरीस होता आणि ढाका येथील शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचा मुख्य होता. बंगालमधील शाळा त्यानें बारकाईनें पाहिल्या. त्याला दिसलें कीं, इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलांपैकीं पुष्कळ मुलें शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोंचतच नाहींत. मध्येंच शाळा सोडतात. जो शेवटपर्यंत टिकला त्याला कांहीं मिळे. जो चार वर्षांनीं गेला त्याच्या पदरीं कांहींच नसे. या स्थितीला वेस्टनें विम्याची उपमा दिली. विम्याचे हप्ते मध्येंच थांबले तरी भरलेल्या रकमेच्या मानानें कांहीं परत मिळतें. शिक्षणांत तसें कांहीं का मिळूं नये? मुलगा ज्या वर्षीं शाळा सोडील, त्या वर्षापर्यंत शिकलेलें त्याला पुरतेपणीं कामास यावें. १९२६ सालच्या आपल्या द्वैभाषिकत्वावरील ग्रंथांत त्यानें हा प्रश्न मांडला. यासाठीं आधीं कोणते शब्द शिकवावेत हें ठरविणें भाग होतें. आणि नेहमीं लागणारे शब्द प्रथम, हें त्याच्या वाचनमालेचें सूत्र झालें.

यांतूनच १९३५ सालीं वेस्ट आणि एंडिकॉट यांचा 'न्यू मेथड' कोश जन्मास आला. त्यांत सुमारें चोवीस हजार शब्द व प्रयोग यांचे अर्थ दिले होते, आणि ते सर्व अर्थ अवघ्या १,४९० शब्दांच्या भांडवलावर लिहिले होते. ज्याला हे दीड हजार शब्द येतात त्याला संपूर्ण कोश कळतो. एक शब्द पाहावयास जावें आणि व्याख्येंतील तीन शब्दांसाठीं पुन्हां पानें उलटावीं लागावीं, असा प्रसंग येत नाहीं. जॉन्सनच्या 'नेटवर्क'ला एकशें ऐशीं वर्षांनीं मिळालेलें हें उत्तर होतें. अशा कोशांत लेखकाला आपल्या विद्वत्तेला मुरड घालावी लागते, आणि विद्वानाला सर्वांत जड जाणारी गोष्ट तीच. मात्र हा कोश मुख्यतः वाचणाऱ्यासाठीं होता. लिहिणाऱ्याची आणि बोलणाऱ्याची अडचण अजून शिल्लक होती.

ती जपानांत सुटली. हॅरल्ड पामर हा भाषाशिक्षणतज्ज्ञ १९२२ सालीं जपानी शिक्षणखात्याचा सल्लागार म्हणून गेला आणि दुसऱ्या वर्षीं त्यानें टोकियोंत इंग्रजीच्या अध्यापनाचें संशोधन करणारी संस्था काढली. १९२४ सालीं आल्बर्ट हॉर्नबी नांवाचा एक तरुण इंग्रज क्यूशू बेटावरील ओइता येथें इंग्रजी वाङ्मय शिकविण्यास आला. त्याला लवकरच कळून चुकलें कीं, विद्यार्थ्यांना आधीं हवी आहे ती भाषा, वाङ्मय मागाहून. पामरनें त्याला आपल्या कामांत ओढलें. दोघांनीं मिळून पाहिलें कीं, परका विद्यार्थी चुकतो तो अवघड शब्दांत नव्हे, तर सोप्या शब्दांच्या जुळणींत. 'वाँट' या क्रियापदापुढें 'टु गो' चालतें. 'एन्जॉय' पुढें 'गोइंग'च लागतें. 'सजेस्ट' पुढें 'टु गो' येत नाहीं. 'फर्निचर' आणि 'इन्फर्मेशन' यांचें अनेकवचन होत नाहीं. इंग्रजाला हें आईच्या मांडीवर कळतें, म्हणून त्याच्या कोशांत तें लिहिलेलें नसे. आणि जपानी किंवा मराठी विद्यार्थ्याला नेमकें तेंच हवें असे.

पामर १९३६ सालीं मायदेशीं परतला. हॉर्नबीनें गेटनबी आणि वेकफील्ड या दोन शिक्षकांना सोबत घेऊन नवा कोश आरंभिला. त्यांत इंग्रजी क्रियापदांच्या रचना पंचवीस सांच्यांत बसविल्या. कोणत्या नामाचें अनेकवचन होतें, कोणत्याचें होत नाहीं हें खुणांनीं दाखविलें. आणि शब्दापुढें साधीं, रोजच्या बोलण्यांतलीं वाक्यें दिलीं. तिसरी पायरी ती हीच. वाक्य आतां पुराव्यासाठीं नव्हतें, अनुकरणासाठीं होतें. काम संपत आलें आणि १९४१ सालच्या डिसेंबरांत जपान व इंग्लंड यांच्यांत युद्ध पेटलें. हॉर्नबी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध झाला, आणि पुढच्या वर्षीं कैद्यांच्या अदलाबदलींत सुटून देशाबाहेर पडला. त्याचा कोश मात्र त्याच वर्षीं, १९४२ मध्यें, टोकियोंतील काइताकुशा या प्रकाशनसंस्थेनें छापून प्रसिद्ध केला. दोन्ही देशांच्या तोफा एकमेकांवर धडाडत असतां, एका देशाची भाषा शिकविणारा ग्रंथ दुसऱ्या देशाच्या राजधानींत छापला जात होता. युद्ध संपल्यावर १९४८ सालीं ऑक्सफर्डनें त्याच टोकियोच्या पानांवरून छायाचित्रपद्धतीनें तो पुन्हां छापला. विद्यार्थ्यांसाठीं रचलेल्या ज्या ऑक्सफर्ड कोशाची आज जगभर ख्याति आहे, त्याचें मूळ तें हेंच.

यानंतरचा इतिहास या तीन पायऱ्या अधिक रुंद करण्याचा आहे. १९७८ सालीं लाँगमन कंपनीनें काढलेल्या कोशांत सर्व व्याख्या सुमारें दोन हजार शब्दांत बसविल्या. वेस्टचीच ती कल्पना. बर्मिंगहॅम विद्यापीठांत जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखालीं १९८७ सालीं 'कोबिल्ड' कोश तयार झाला. त्यासाठीं सुमारें दोन कोटी शब्दांचा मजकूर संगणकांत भरला होता, आणि त्यांतून प्रत्येक शब्द खरोखर कोणाच्या संगतींत आढळतो हें पाहिलें गेलें. त्या कोशानें व्याख्याच पूर्ण वाक्यांत लिहिल्या, जणुं शिक्षक समोरच्या मुलाला समजावून सांगत आहे. जॉन्सनच्या माळ्यावरील पेन्सिलीचें काम यंत्र करूं लागलें. पण आधीं वाक्य पाहावें आणि मग अर्थ सांगावा, हा क्रम बदलला नाहीं.

आज एका क्षणांत कोणत्याहि शब्दाचा अर्थ मिळूं शकतो. पण अर्थ हातीं लागणें आणि शब्द आपला होणें यांतील अंतर कॉड्रीच्या काळीं जेवढें होतें तेवढेंच आजहि आहे. विद्यार्थ्याच्या वहींत तिसरा रकाना आंखला गेला आणि त्यांत प्रत्येक शब्दाचें एक साधें, स्वतः वापरतां येईल असें वाक्य आलें, तर शिकलेले दोनशें शब्द न वापरतां येणाऱ्या दोन हजार शब्दांपेक्षां अधिक मोलाचे ठरतात. कठिण शब्दांची हौस कोशकारांना सोडावयास शतकें लागलीं. मास्तरांनीं आणि मुलांनीं ती फिरून धरण्याचें कारण नाहीं.

हॉर्नबीच्या कोशाचा खप लाखोंनीं झाला. १९६१ सालीं त्यानें त्या उत्पन्नांतून एक न्यास स्थापन केला. इंग्रजी शिकविणाऱ्या परदेशी शिक्षकांना आपल्या विषयाचें अधिक शिक्षण घेतां यावें, हा त्याचा हेतु. ओइतासारख्या आडगांवच्या वर्गांत विद्यार्थ्यांच्या चुका पाहून जें ज्ञान मिळालें, त्याचें मोल अशा रीतीनें पुन्हां वर्गाकडेच परत गेलें. हॉर्नबी १९७८ सालीं वारला; त्याचा न्यास आणि त्याचा कोश दोन्ही अद्याप चालू आहेत.